माळवदावरची दीड फूट माती

गेल्या दिवाळीत आमच्या गावाकडच्या घरी फराळापेक्षा एकाच विषयाची चर्चा जास्त झाली. आजीचं वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलंय. रात्री उठून परसातल्या संडासापर्यंत जाताना ती पायरीवर घसरली. नशीब, हाड मोडलं नाही. तेव्हा ठरलं की घराला एक खोली, न्हाणी आणि संडास करायचा. खर्च मी आणि माझा चुलतभाऊ मिळून करणार होतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

मी म्हणालो, "जुन्या घराला मागून जोडू."

तात्या म्हणाले, "जोडायचं काय त्यात? पाडून टाकू. चार कॉलम उभे करू, स्लॅब टाकू. इषय संपला."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. घर अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात आहे. गावात त्याला वाडा म्हणतात, पण तुम्ही डोळ्यांपुढे शनिवारवाडा आणू नका. दगडी जोतं, समोर ढाळज, आत चौक, चौकाच्या दोन बाजूंना ओसरी, मागे माजघर आणि देवघर, भिंतीत धान्याचं बळद, आणि वर मातीचं सपाट माळवद. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो: माळवद म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर दाटीनं बसवलेल्या किलच्या म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला आणि पाल्यावर माती. काही भागांत यालाच धाब्याचं घर म्हणतात. मधोमध उजेडासाठी आणि धुरासाठी एक भोक असतं, त्याला साणं म्हणतात. साण्यातून पडणारा उन्हाचा गोल दिवसभर माजघरात सरकत राहतो. आजीचं घड्याळ तेच.

मी या घराचा एक रील टाकला होता. साणं, उन्हाचा गोल, कोरलेली चौकट, मागे बासरी. 'जपून ठेव रे', 'असली घरं आता कुठे', असं बऱ्याच जणांनी लिहिलं. त्यांच्यापैकी कुणालाच त्या छताखाली झोपायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वर्षातून दहाच दिवस झोपायचं असतं.

आणि तात्या तर गेली तीस-बत्तीस वर्षं त्या माळवदाखाली झोपलेले नाहीत. उन्हाळा असो, थंडी असो, त्यांची बाज चौकात. पाऊस आला की ढाळजेच्या पुढच्या पत्र्याखाली. आम्हाला वाटायचं, त्यांना उकडतं.

मूळ घर कोणतं?

तात्यांशी वाद घालायचा तर पुरावे हवेत, म्हणून मी घराचा इतिहास शोधायला बसलो. माजघराच्या दाराच्या पट्टीवर 'शके १८५३' असं कोरलंय. शकात ७८ मिळवले की १९३१ येतं. सोपं होतं.

मग आजीच्या पेटीत जुने कागद सापडले. हा सगळा भाग १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे आमच्या घरात मराठीच बोलली गेली असली तरी घराचे कागद उर्दूत आहेत. अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते वाचून दाखवले. एक कागद सागवान खरेदीचा निघाला. त्यावर साल होतं फसली १३४१. फसली हे संस्थानाचं सरकारी साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाचं साल येतं, पण ते सुरू व्हायचं ऑक्टोबरात. शके सुरू होतं पाडव्याला. दोन्ही सालं एकमेकांवर ठेवली की ऑक्टोबर १९३१ ते एप्रिल १९३२ एवढेच महिने दोन्हींत बसतात. म्हणजे पावसाळा संपल्यावर काम काढलं आणि मृगाच्या बरंच आधी छत उभं केलं. गवंडी अजूनही याच महिन्यांत काम धरतात.

मला फार आनंद झाला. घराची जन्मतारीख सापडली. ती सांगायला मी आमच्या गवंडीमामांना घेऊन आलो. सत्तरी उलटलेला माणूस. त्यांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. ते ओसरीच्या टोकाला गेले आणि भिंतीवरून हात फिरवत एका जागी थांबले. तिथे जोत्यापासून वरपर्यंत एक उभा सांधा होता. सांध्याच्या अलीकडचे दगड लहान, ओबडधोबड. पलीकडचे मोठे, घडीव. अलीकडचे खांब बाभळीचे, गोल, वाकडेतिकडे. पलीकडचे सागाचे, चौकोनी. मी आयुष्यभर त्या भिंतीला टेकून चहा पीत आलो आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

"म्हागचं घर नंतरचंय," मामा म्हणाले. "म्होरचं लई आधीचं."

म्हणजे ज्याला मी 'मूळ घर' समजत होतो, तीच एक जोडणी होती. आधीचा पुढचा भाग किती जुना, त्याच्यावर साल नाही. मागचा भाग १९३१-३२चा. उजवीकडची खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. १९७२च्या दुष्काळात जनावरं विकावी लागली, मग त्या रिकाम्या गोठ्याची खोली झाली. तिच्या भिंतीत आजही गव्हाण आहे, तिच्यात आता आम्ही मोबाइलचे चार्जर ठेवतो. परसातला संडास नव्वदीतला. प्रत्येक पिढीनं आपली गरज घराला जोडली आहे.

थोडं वाचलं तेव्हा कळलं की यात आमचं घर वेगळं काही नाही. खुद्द शनिवारवाडा पाहा. पहिल्या बाजीरावानं १७३०मध्ये काम सुरू केलं आणि १७३२मध्ये वास्तुशांत झाली. पण पुढचा प्रत्येक पेशवा त्यात काहीतरी वाढवत राहिला; प्रसिद्ध हजारी कारंजं तर सवाई माधवरावाच्या काळातलं. १८२८च्या आगीत जळाला तो वाडा १७३२मध्ये बांधलेल्या वाड्याहून फार वेगळा होता. किंवा आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. तिथल्या त्रिविक्रम मंदिराचा गाभारा मोठ्या विटांचा आहे आणि मागून अर्धगोल. हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं, असं हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. त्याच्यापुढे नंतरच्या लोकांनी चौकोनी मंडप जोडला. मंडप जोडताना गाभाऱ्याचा अर्धगोल कुणी मोडला नाही, म्हणून तर आज तो ओळखता येतो.

मामांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात. खोलीचं माप फुटांत सांगायचं नाही, खणांत सांगायचं: दोन खणांची खोली, पाच खणांची ओसरी. आमच्या पुढच्या घराचा खण जवळपास पाच फुटांचा आहे. १९३१मध्ये ज्यानं मागचं घर बांधलं, त्याच्याकडे चांगलं सागवान होतं, पैसा होता, घडीव दगड होता. तरी त्यानं खण पाच फुटांचाच ठेवला. जोत्याची उंची तीच ठेवली. ओसरीची ओळ तीच पुढे नेली. पण खांब बाभळीसारखे वाकडे करायचा प्रयत्न केला नाही. आपल्या काळाचं लाकूड आपल्या काळासारखं तासलं. माप जुनं, हात नवा. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी तात्यांना हे सगळं सांगितलं. जरा भाषणच केलं म्हणा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माळवदावर माती किती हाय, ते पाहिलं का?"

३० सप्टेंबर १९९३

पाहिलं नव्हतं. मग तात्यांनी जे सांगितलं, ते त्यांनी यापूर्वी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

१९९३मध्ये अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गावोगावी विसर्जन करून लोक उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं मरतात, याचं जगभरच्या अभ्यासकांना नवल वाटलं.

आमच्या गावात भांडी वाजली, कुत्री ओरडली, लोक बाहेर पळाले. घर उभंच राहिलं. दुपारपर्यंत बातम्या आल्या आणि गावातली पोरं ट्रॅक्टरमध्ये बसून मदतीला निघाली. तात्या तेव्हा चोवीस वर्षांचे होते.

"लोकं म्हणत्यात भूकंपानं मेले," तात्या म्हणाले. "मी सांगतो, मातीनं मेले. आम्ही दगड बाजूला करायचो, खाली माती. माती उकरायचो, खाली अजून माती. आन ती माती टाकली कुणी? ज्याची त्यानंच. दरसाल. पाऊस गळू नये म्हणून."

हे समजून घ्यायला माळवदाचा कारभार कळला पाहिजे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरं पडून, पुन्हा उठून, राखेनं आणि मातीनं साठलेला गावठाणाचा थर. ही माती काळ्या मातीसारखी भेगाळत नाही, दाबली की घट्ट बसते आणि पाणी सहज आत जाऊ देत नाही. म्हणून माळवदाला तीच लागते. गावातली पडकी गढी तर पांढऱ्या मातीचा डोंगरच. मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्या अशा टोपल्या-टोपल्यांनी गावाच्या छतांवर गेल्या. १९४९मध्ये संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५०मध्ये कूळ कायदा आला. गढीवाल्यांचा दरारा ओसरला, तशी गढीची माती न्यायची भीतीही गेली.

दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर मातीचा नवा थर पडायचा. त्या मातीचा फायदाही खरा होता. बीडच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात माळवदाखालचं माजघर थंड राहतं, स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेली असते. पण वर्षाला बोटभर म्हटलं तरी पन्नास वर्षांत किती होतं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

तो मी केला. माजघर दहा बाय पंधरा फुटांचं. माळवदात सळई खुपसून पाहिली तर मध्यभागी दीड फुटाच्याही खाली गेली. दीड फूट धरली तरी एका खोलीवर सव्वादोनशे घनफूट माती होते, म्हणजे साधारण दहा टन. आजीच्या अंथरुणाच्या वर दहा टन. ज्या स्लॅबला मी जड आणि कुरूप म्हणत होतो, तो तेवढ्याच खोलीवर चार इंचांचा टाकला असता तर साडेतीन टनांच्या आसपास भरला असता.

भिंतींचाही दोष होता. दगड-मातीची जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती बहुतेक वेळा दोन वेगळ्या भिंती असतात: बाहेरच्या दगडांचा एक थर, आतला एक, आणि मधे दगडगोटे नि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्यानं थर सुटतात, एक आत पडतो, एक बाहेर. किल्लारीत हेच झालं. पण तिथेच अभ्यासकांना दुसरीही गोष्ट दिसली: काही घरांच्या भिंती कोसळल्या, तरी छत आतल्या लाकडी खांबांवर तसंच उभं राहिलं. ती माणसं वाचली.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून मोठा बदल न हादरलेल्या गावांत झाला. आमच्यासारख्या हजारो गावांत लोकांनी ठरवलं की दगड-मातीचं घर म्हणजे मरण आणि स्लॅब म्हणजे सुरक्षित. तीस वर्षांत माळवदं उतरली. कोरीव चौकटी शहरांतल्या व्यापाऱ्यांनी नेल्या. त्यातल्या काही आता हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. कित्येकांनी तर जुन्या मातीच्या भिंती तशाच ठेवून त्यावर सिमेंटचा स्लॅब टाकला. तो सर्वांत वाईट मेळ आहे, पण तो करणाऱ्याला हसायची माझी हिंमत नाही. त्याला घाई मरणाची होती.

ढाळजेत बसून आजी हे सगळं ऐकत होती. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिनं डोक्यावरून मातीच्या टोपल्या वर नेल्या होत्या. ती म्हणाली, "मंग आम्ही चुकलो का रं?"

कुणीच काही बोललं नाही. उत्तर मामांनी दिलं, दुसऱ्या दिवशी. त्यांचे वडील माळवदं राखायचे. ते म्हणायचे, आधी खरवडायचं, मग टाकायचं. पण खरवडून खाली न्यायचं म्हणजे दुप्पट मजुरी, दुप्पट माणसं. बलुत्याची रीत गेली, पोरं शाळेला नि शहराला गेली, घरात हात कमी झाले. मग लोकांनी खरवडणं सोडलं आणि टाकणं तेवढं चालू ठेवलं.

मला हे ओळखीचं वाटलं. आमच्या धंद्यातही जुना कोड असाच मरतो. 'चालतंय ना, हात लावू नको, वरून एक थर टाक.'

जुन्याला धरून

जुन्या इमारतीला नवा भाग कसा जोडावा, यावर जगात बराच विचार झालाय. १८७७मध्ये विल्यम मॉरिसनं लंडनमध्ये एक संस्था काढली ती याच रागातून: डागडुजीच्या नावाखाली जुनी चर्चं खरवडून नकली जुनेपण चढवलं जात होतं. १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की बदललेला भाग एकूण इमारतीशी जुळला पाहिजे, पण तो नवा आहे हे ओळखूही आलं पाहिजे. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बुरा गावी झालेली सनद सांगते, गरजेपुरता बदल करा आणि होता होईल तेवढा कमी करा. भारतात इन्टॅक या संस्थेनं २००४मध्ये आपली सनद काढली, ती मला जास्त जवळची वाटते. ती मुद्दाम असंरक्षित वारशाबद्दल बोलते, म्हणजे ज्या इमारती सरकारच्या यादीत नाहीत त्यांच्याबद्दल, आणि जिवंत कारागिरांच्या ज्ञानाला वारसाच मानते. आमचं घर कुठल्याही यादीत नाही आणि येणारही नाही. मराठवाड्यातली अशी बहुतेक घरं त्यांच्या मालकांच्या मर्जीवरच उभी आहेत.

या सगळ्याला आजीचा एक शब्द आहे. ती म्हणते, "घराला धरून बांध." धरून म्हणजे सोबत, पण आधारही देत. मी आणि तात्यांनी शेवटी ज्यावर तडजोड केली ती अशी: आधी जुनं घर हलकं आणि घट्ट करायचं. ते जमलं तरच जोडायचं. नाही जमलं तर पाडायचं. आणि जमलं की नाही हे मी ठरवायचं नाही, लातूरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवायचं.

माती उतरवायला आठ दिवस लागले. थर अगदी वहीच्या पानांसारखे दिसत होते: पांढरा, राखाडी, पुन्हा पांढरा. त्यात खापरं निघाली, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. गढीची माती होती ती. कुणाच्या तरी घरातलं फुटकं आमच्या डोक्यावर येऊन बसलेलं. एकट्या माजघरावरून पावणेदोन ब्रास माती खाली आली. चार इंच ठेवली. किडलेल्या किलच्या बदलल्या, वर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, मग चुना मिसळलेली माती पन्हाळीकडे उतार देऊन ठोकली.

मग भिंती. भारतीय मानक ब्यूरोनं दगड-मातीच्या आणि तत्सम कमी ताकदीच्या बांधकामासाठीची मार्गदर्शक तत्त्वं छापली ती १९९३मध्येच. त्यातला नियम साधा आहे: दर दोन फूट उंचीवर आणि आडवं चार फुटांच्या आत एक आरपार दुवा हवा. जुन्या भिंतीत तो नंतर घालायचा तर एकेक दगड हळूच काढायचा, आरपार भोक करायचं, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरायचं. मामांनी एका दिवसात सहाच्या वर भोकं कधी केली नाहीत. भिंत घाबरते, असं ते म्हणायचे. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके लाकडी टेकू दिले, म्हणजे हादरा आला तर सांगाडा कलंडणार नाही. बाहेरच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करायचा मोह टाळला. मातीची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडतं. दरजा चुन्यानं भरल्या.

इंजिनिअर बाईंनी पुन्हा येऊन पाहिलं आणि सांगितलं की जोडायला हरकत नाही. तात्या काही बोलले नाहीत, पण पाडायचा विषयही पुन्हा काढला नाही.

आता नवी खोली. माझं पहिलं डिझाइन मी लॅपटॉपवर केलं होतं. त्यात कमानी होत्या, झरोका होता, महिरप होती. आजीनं स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "हे कुणाच्या लग्नाचं स्टेज हाय?" मी फाइल बंद केली.

शेवटी जे बांधलं त्यात दाखवण्यासारखं फार काही नाही, पण प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. खोली मागे परसात आहे, त्यामुळे गल्लीतून घर पूर्वीसारखंच दिसतं. नव्या दारासाठी जुनी भिंत फोडली नाही. परसात उघडणारं मागचं दार होतंच, तेच जोडणीचं दार झालं. आजीसाठी त्याची पायरी काढून उतार केला. नवी खोली जुन्या भिंतीला टेकलेली नाही. तिचे पाये वेगळे आहेत आणि थोडे दूर खणलेत, कारण जुन्या भिंतीच्या बुडाशी खणलं तर तिचाच पाया उघडा पडतो. दोन्हींच्या भिंतींमध्ये अडीच इंचांची फट आहे. जुनं दगड-मातीचं घर आणि नवं विटांचं घर हादऱ्यात वेगवेगळी हलणार. चिकटवून ठेवली तर एकमेकांना धडका देतील. फटीवरून वाकवलेला पत्रा आहे, तो फक्त नव्या बाजूला ठोकलाय.

जोत्याची उंची जुनीच. खोली लांबीला तीन खण, पाच-पाच फुटांचे. तिथे तुळया नाहीत, लोखंडी सेक्शन आहेत, पण अंतर तेच ठेवलं. भिंतीत जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा फिरवलाय. छत हलकं, कौलांचं, आणि जुन्या माळवदाच्या कठड्यापेक्षा फूटभर खाली. न्हाणीचं पाणी जुन्या घरापासून उलट्या दिशेला वाहतं. विटा उघड्या आहेत. दगडाचं नक्षीकाम चिकटवलेलं नाही. खोली आज बांधलीय, तर ती आजची दिसते.

माळवदावरून उतरलेली माती कुठे टाकायची, हा प्रश्न होता. मामांनी ती नव्या खोलीच्या जोत्यात भरली आणि पाणी मारून धुम्मसनं ठोकली. काळी माती भरली असती तर पावसाळ्यात फुगून फरशी उचलली असती, पांढरी बसते. आजीनं इतकी वर्षं वर नेलेल्या टोपल्यांवरून आता ती रात्री अनवाणी संडासाला जाते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग वाया नाही गेली." तिच्या प्रश्नाला मामांनी दिलेल्या उत्तरापेक्षा तिला हे जास्त पटलं असावं.

या कामानं घर अमर झालेलं नाही. मोठा हादरा आला तर काय होईल, हे कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही. खर्चही स्लॅबच्या घराएवढा नसला तरी कमी झाला नाही, आणि मामांसारखं भिंतीवर हात फिरवून सांधा शोधणारं माणूस पुढच्या वेळी मिळेल याची खात्री नाही. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या दोन पोरांपैकी एक आता पुण्यात टाइल बसवतो.

तात्यांची बाज अजून चौकातच आहे. पण काम संपल्यावर एका संध्याकाळी ते शिडी लावून माळवदावर चढले, सोबत सळई आणि टेप. चार जागी सळई खुपसून त्यांनी माती मोजली. चारही जागी चार इंच भरली. खाली आल्यावर त्यांनी ऑइल पेंटचा डबा मागितला आणि ढाळजेच्या आतल्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं, आपल्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं: 'माळवदावर माती ४ इंच. नवीन टाकण्याआधी जुनी काढणे.' खाली शके आणि इसवी, दोन्ही सालं घातली.

"फसली पण टाकू का?" मी विचारलं.

"गप," तात्या म्हणाले, आणि ब्रश धुवायला घेतला.